छायेचा अंमल

जुन्या कृष्णधवल चित्रपटांतील मुखांचे मला फार दिवसांचे वेड आहे. आणि अभिनेत्री मार्लेन डीट्रिचच्या गालाखाली जी खोल, काहीशी उदास छाया सतत वसलेली दिसते, तीत हाडाचा भाग किती, माथ्यावरून सोडलेल्या दिव्याचा किती आणि रंगभूषेचा किती, या एकाच प्रश्नाचा माग काढीत मी ज्या स्त्रीपाशी येऊन थांबले, तिचे नाव आज चेहऱ्यावर छाया रेखण्याची कॉन्टूरची कांडी पर्समध्ये बाळगणाऱ्या शंभरांतल्या एकीलाही ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

गडद रंगाने अवयव मागे सरतो आणि उजळ रंगाने पुढे येतो, हे चित्रकाराचे तत्त्व नटांनी केव्हाच उचलले होते. रंगमंचाच्या कडेचे दिवे खालून वर प्रकाश फेकीत, निसर्गाने दिलेल्या सावल्या पुसून भलत्याच जागी नव्या पाडीत, आणि म्हणून नटाला आपल्या मुद्रेची खरी छाया हाताने पुन्हा रेखावी लागे. त्यासाठी लागणाऱ्या ग्रीसपेंटच्या, म्हणजे तेलकट रंगाच्या, कांड्या १८७३ पासून बर्लिनमध्ये लुडविग लाइखनर या ऑपेरा गायकाच्या कारखान्यात होऊ लागल्या. पुढे मूकपटांच्या काळातील फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळे गालावर लाली लावली की पडद्यावर तिचा काळसर खळगा होई, आणि तोच खळगा रंगभूषाकार हिशेबाने वापरीत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सर्व रंग टिपणारी फिल्म आली आणि तो सारा हिशेब रद्द झाला.

यानंतर हॉलिवुडात दोन पीठे उभी राहिली. पोलंडमध्ये जन्मलेला मॅक्स फॅक्टर केस, डोळे आणि त्वचा यांच्या रंगसंगतीवर भर देई. त्याने १९३२ मध्ये चेहऱ्याचे मोजमाप करण्याचे एक यंत्र काढले होते: डोक्यावर चढवायचा धातूच्या पट्ट्यांचा व स्क्रूंचा सांगाडा, जो मुखातील बारीकसारीक विषमता दाखवून देई, परंतु त्याच्या धंद्याचा पाया रंगाचा होता. उलट इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज वेस्टमोर या केशकाराच्या मुलांनी, ज्यांच्यापैकी पर्क वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओचा आणि वॉली पॅरामाउंट या स्टुडिओचा रंगभूषाविभाग सांभाळीत असे, आकाराची सनद काढली. चेहरे सात प्रकारचे, त्यांपैकी लंबगोल तेवढा निर्दोष, आणि उरलेले सहा, म्हणजे गोल, चौकोनी, लांबट, त्रिकोणी, उलट त्रिकोणी व हिऱ्यासारखा, हे छायेच्या साहाय्याने त्या लंबगोलात बसवायचे, असे ते शास्त्र होते. आज मुंबईपुण्याच्या प्रसाधनांच्या दुकानात काउंटरवरची मुलगी ग्राहक स्त्रीला तिच्या चेहऱ्याचा आकार सांगू लागते, तेव्हा ती नकळत वेस्टमोर बंधूंच्याच दप्तरातील पान वाचीत असते. मला हे शास्त्र अमान्य आहे. कॅमेऱ्याच्या आणि स्टुडिओच्या सोयीसाठी ठरवलेले एक माप त्याने साऱ्या स्त्रीजातीवर लादले, आणि सात घरांपैकी सहा घरांत जन्मलेल्या स्त्रियांना आपला चेहरा म्हणजे दुरुस्तीस आलेली वस्तू आहे असे मानायला शिकवले.

मी ज्या स्त्रीपाशी येऊन थांबले, त्या डॉट पोनेडेलचे महत्त्व येथे आहे. मूकपटांत किरकोळ कामे करता करता ती रंगभूषेकडे वळली, त्या वेळी या धंद्यात स्त्रियांना केस विंचरण्याची आणि फार तर मानेखाली रंग लावण्याची मुभा असे. चेहरा हा पुरुषांचा मक्ता होता. हॉलिवुडच्या रंगभूषाकारांच्या संघटनेत ज्या अगदी पहिल्या स्त्रियांना शिरकाव मिळाला त्यांत तिची गणना होते, आणि तो शिरकाव तिला सुखासुखी मिळाला नाही. पॅरामाउंटमध्ये डीट्रिचचा चेहरा तिच्या हाताखाली आला. खालच्या पापणीच्या आतल्या काठावर तिने पांढरी रेघ ओढली आणि डोळे मोठे दिसू लागले. कवटीचे माप घेण्याची तिला गरज भासली नाही. उतारवयात लिहून ठेवलेल्या तिच्या आठवणी पुतणीच्या प्रयत्नाने २०१८ मध्ये ‘अबाउट फेस’ या नावाने छापून निघाल्या, तोवर तिचा वृत्तांत जवळजवळ अप्रकाशितच होता.

तिची खरी थोरवी मात्र मला जूडी गार्लंड या गायिका-अभिनेत्रीच्या प्रकरणात दिसते. एमजीएम स्टुडिओच्या कारभाऱ्यांनी या मुलीच्या नाकाचा आकार बदलण्यासाठी नाकपुड्यांत रबरी चकत्या आणि दातांवर टोप्या बसवण्याची तजवीज केली होती, आणि वर्षानुवर्षे ती बिचारी ते सारे मुकाट्याने वागवीत होती. ‘मीट मी इन सेंट लुइस’ या १९४४ च्या चित्रपटाच्या वेळी पोनेडेलने त्या चकत्या व टोप्या बाजूला काढल्या, भुवया थोड्या वर घेतल्या, ओठांची आणि कपाळावरच्या केसांची रेषा बदलली. तो चित्रपट पाहणाऱ्याला निराळे काही सांगावे लागत नाही. त्यानंतर एमजीएममधील आपल्या चित्रपटांना गार्लंडने तिचाच आग्रह धरला.

पोनेडेलचे हे तारतम्य आपल्या आरशापुढे आणायचे, तर आकाराचा तक्ता मिटून खिडकीच्या उजेडात आपली स्वतःची सावली प्रथम पाहावी. गालाच्या हाडाखाली बोट फिरवले की जो खळगा लागतो, तेथेच रंग द्यावा; कानशिलापासून ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने निघावे, पण बुबुळाच्या सरळ रेषेपाशी येण्याआधी थांबावे, कारण त्यापुढे गेलेली छाया मुद्रा आजारी करते. छटा आपल्या वर्णाहून एकदोन पायऱ्याच गडद आणि चकाकीरहित असावी, कारण सावली कधी चमकत नसते. गोऱ्या कातडीसाठी घडवलेल्या राखाडी छटा आपल्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर मातकट दिसतात. सावळ्या स्त्रीने खोल तपकिरी छटा घ्यावी आणि तीत तांबूसपणा अधिक नाही एवढे पाहावे, नाहीतर छायेऐवजी लाली दिसते. मलईसारखा रंग पावडरीच्या आधी आणि कोरडा रंग पावडरीच्या नंतर लावावा. ब्रश वरच्या दिशेने फिरवावा, जबड्याकडची कड मानेपर्यंत विरवावी, आणि रुंद जबडा किंवा गोल गाल ज्या घराण्याकडून आला ते घराणे ओळखू येईल इतपत तो शिल्लक ठेवावा.