समुद्राकाठची प्रयोगशाळा आणि आपली नातवंडे



आपल्या समाजात नातवंडांच्या शिक्षणाचा विषय निघाला की डॉक्टर, नर्स, वकील, हायटेक ही नावे लगेच कानावर पडतात. ही कामे काय असतात ते आपल्याला ठाऊक आहे. पण एखादी नात म्हणते, "सवता, मी एलातला जाऊन समुद्रशास्त्रात दोक्तोरात करणार," तेव्हा आपण गप्प होतो. मग हळूच विचारतो, "पाण्यात बुड्या मारून पोट कसे भरणार, बाळ?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा मार्ग कसा असतो, त्यात काय मिळते आणि काय सोडावे लागते, ते येथे सांगत आहोत.

एलातची प्रयोगशाळा

एलातला सहलीला गेलेल्यांनी ताबाच्या सीमेकडे जाणारा रस्ता पाहिला असेल. त्याच रस्त्यावर, प्रवाळ किनाऱ्याच्या राखीव क्षेत्राजवळ, एक संशोधन संस्था आहे. तिची कथा एका बापलेकाची आहे. वाल्टर स्टाइनिट्झ हे जर्मनीतील ब्रेस्लाउ शहरातले डॉक्टर. आपल्या देशाच्या किनाऱ्यावर समुद्रातील प्राण्यांच्या अभ्यासाचे केंद्र असावे, अशी योजना त्यांनी १९१९ साली लिहून मांडली. तेव्हा राज्यही नव्हते आणि पैसाही नव्हता. त्यांचा मुलगा हाइन्झ पुढे यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १९६८ साली त्याने एलातला प्रयोगशाळा उभी केली. तीनच वर्षांनी, १९७१ मध्ये, तो वारला. आज त्या प्रयोगशाळेला त्याचेच नाव आहे आणि देशातील विद्यापीठे ती मिळून चालवतात.

प्रयोगशाळा शहरातल्या विद्यापीठात न ठेवता थेट किनाऱ्यावर का ठेवायची? कारण समुद्र बाटलीत भरून तेल अवीवला नेता येत नाही. प्रवाळ, म्हणजे आपण ज्याला पोवळे म्हणतो ते, दगडासारखे दिसले तरी असंख्य बारीक प्राण्यांची वसाहत असते. ते काय खाते, केव्हा वाढते, केव्हा अंडी सोडते, हे त्याच्या शेजारी राहूनच कळते. एलातचे आखात किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर फार खोल होते. त्यामुळे सकाळी होडीतून निघून खोल पाण्याचे नमुने घ्यावेत आणि दुपारी ते प्रयोगशाळेत तपासावेत, अशी सोय तेथे आहे.

रोजच्या मापाची किंमत

या कामाचा मोठा भाग म्हणजे तेच ते माप पुन्हा पुन्हा घेणे. पाण्याची उष्णता, खारटपणा, त्यातील प्राणवायू, प्रवाळांची संख्या, हे सारे वर्षानुवर्षे लिहून ठेवायचे. ऐकायला कंटाळवाणे वाटते. पण आपण अलिबागकडची माणसे, आपल्याला याचे उदाहरण घरचेच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकशक्तीची मापे १८४१ पासून घेतली जात होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्या विजेने मापे बिघडली असती, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा बांधली. तिच्या इमारतीत लोखंड वापरले नाही. नवी आणि जुनी मापे एकमेकांशी जुळावीत म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी ती घेतली गेली. अलिबागचे काम आजही चालू आहे. एका माणसाच्या आयुष्यात न संपणारे काम पुढच्याच्या हाती नीट सोपवायचे, ही या शास्त्राची रीत आहे.

एलातमध्ये या रीतीचा उपयोग कसा झाला ते पाहा. तेथील प्रवाळ उन्हाळ्यातील ठरावीक रात्री पाण्यात बीजे सोडतात. एका जातीच्या सर्व वसाहतींनी ती एकाच वेळी सोडली तरच नवी पिढी जन्मते. कोणती जात केव्हा बीजे सोडते, याच्या नोंदी १९८०च्या दशकात करून ठेवल्या होत्या. मग २०१५ पासून चार वर्षे तेल अवीव विद्यापीठाचा दोक्तोरातचा विद्यार्थी टॉम श्लेसिंगर आणि त्याचे गुरू प्रा. योस्सी लोया यांनी जून ते सप्टेंबर या महिन्यांत दोनशेहून अधिक रात्री पाण्यात घालवल्या. त्यांना काय दिसले? काही जातींचा ताळमेळ तुटला होता. कुणी आज, कुणी आठवड्याने, असे चालले होते. त्या जातींची लहान पिल्ले जवळजवळ दिसेनाशी झाली होती. वरवर पाहणाऱ्याला तो प्रवाळ ठणठणीत वाटला असता. घरात म्हातारी माणसे आहेत पण पाळणा हलत नाही, तसे हे. हे संशोधन २०१९ साली 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात छापून आले. जुन्या नोंदी नसत्या तर फरक ओळखायचा कशावरून?

दुसरे उदाहरण आपल्या ताटातले आहे. दनीस मासा आपण सर्वच खातो. एकेकाळी तो एलातच्या उत्तर किनाऱ्याजवळ पिंजऱ्यांत वाढवला जाई. उरलेले खाद्य आणि माशांची घाण पाण्यात मिसळून प्रवाळांना अपाय होतो, असे काही शास्त्रज्ञांचे मत होते. इतरांना ते पटत नव्हते. मासे वाढवणाऱ्यांची रोजीरोटीही त्यावर होती. वाद बरीच वर्षे चालला. अखेर सरकारने २००५ साली पिंजरे काढण्याचा निर्णय घेतला आणि २००८ मध्ये ते निघाले. या वादाच्या काळात, २००३ पासून, आखातावर नियमित देखरेख ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तो याच संस्थेत चालतो. आपल्या मुलांना अशा ठिकाणी काम मिळाले, तर त्यांच्या आकड्यांवर सरकार निर्णय घेते, हे ध्यानात असू द्या.

किती वर्षे लागतात?

आता हिशेब. मूल सैन्यातून सुटून, थोडे जग फिरून येते तेव्हा २२-२३ वर्षांचे असते. तोआर रिशोन ३ वर्षे, तोआर शेनी २ वर्षे, दोक्तोरात ४ ते ५ वर्षे. तेवढ्याने भागत नाही. प्राध्यापक व्हायचे तर बहुधा परदेशी जाऊन आणखी २-३ वर्षे संशोधन करावे लागते. म्हणजे ३३ ते ३६ वय होते, आणि तेव्हा कुठे विद्यापीठाच्या जागेसाठी अर्ज. जागा मिळाली तरी क्वीऊत, म्हणजे कायम नेमणूक, लगेच हाती येत नाही. काही वर्षे काम पाहून मग ती देतात. एलातला राहणाऱ्या शास्त्रज्ञांची नेमणूक त्यांच्या विद्यापीठाची असते, घर आणि काम मात्र समुद्रकाठी.

दोक्तोरातच्या काळात मिल्गा मिळते. तिच्यात एकट्याचे कसेबसे भागते. पण मिल्गा म्हणजे पगार नव्हे, आणि तिच्यातून सहसा पेन्शन जमा होत नाही. लग्न, बाळंतपण, भाड्याचे घर हे सारे याच वर्षांत येते. मुलींना हा काळ अधिक जड जातो. परदेशी जायचे तर नवऱ्याच्या नोकरीचे काय, मुलांच्या गानचे काय, हे प्रश्न उभे राहतात. अशा वेळी सबा-सवतांनी दोन महिने नातवंडे सांभाळली तर त्याचे मोल कोणत्याही मिल्गाहून अधिक आहे.

प्राध्यापकाच्या जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ. दोक्तोरात केलेल्या प्रत्येकाला जागा मिळत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दुसरी दारे आहेत. हैफाला मुख्य ठाणे असलेली समुद्र आणि सरोवर संशोधन संस्था १९६७ पासून काम करते. तिची एक प्रयोगशाळा किन्नेरेतच्या काठी आणि एक एलातला आहे. निसर्ग व उद्याने खाते, पर्यावरण मंत्रालय, समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने, शाळा, यांनाही जाणकार माणसे लागतात. प्रयोगशाळेत यंत्रे सांभाळणारे, होडी चालवणारे, पाणबुड्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणारे कर्मचारीही असतात. त्यांतल्या कितीतरी कामांना दोक्तोरात लागत नाही. ज्याला आधी गोडी आहे का ते तपासायचे असेल, त्याला मिख्मोरेत येथे रुपिन महाविद्यालयात समुद्रशास्त्राचा तोआर रिशोन घेता येतो.

काय विचारावे?

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. आपल्यापैकी अनेकांनी काचेला नाक लावून तेथले मासे पाहिले असतील. माशांचा अभ्यास हे पोटापाण्याचे काम होऊ शकते, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितले नव्हते. आज नातवंडे ते आपल्याला सांगतात. तेव्हा त्यांना चार गोष्टी जरूर विचाराव्यात. मार्गदर्शक कोण आहे, आणि त्याचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत? मिल्गा किती आणि किती वर्षांची? संशोधन लांबले तर पैसे कोण देणार? प्राध्यापकाची जागा मिळाली नाही तर दुसरे काय करायची तयारी आहे?

या चारही प्रश्नांची उत्तरे ज्या नातवाजवळ वा नातीजवळ आहेत, त्याने वा तिने विचार करून पाऊल उचलले आहे असे समजावे, आणि आपण आनंदाने ब्राखा द्यावी. उत्तरे नसतील तर रागावू नये. एलातला जाऊन तेथे काम करणाऱ्या दोघा-तिघांशी बोलून ये, असे सांगावे, आणि जमल्यास बसचे भाडे आपण द्यावे.