पावणेपाच मिलिमीटरची कानस

वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) हा संत्र्याचा पट्टा. डिंक्याने किंवा उन्हाळ्याच्या ताणाने बाग वाळली की ती काढण्यासाठी पूर्वी कुऱ्हाड आणि दोन माणसांची करवत निघायची. आता पेट्रोलवर चालणारे कटर मशीन, म्हणजे चेनसॉ, निघते. पावसाळ्याच्या तोंडावर वीजतारांना लागणाऱ्या फांद्या छाटायच्या, वादळात रस्त्यावर आडवे झालेले कडुलिंब उचलायचे, परवानगी घेऊन बांधावरचा साग तोडायचा, या सगळ्या कामांना आता हेच मशीन लागते. आणि एखाद्या दुपारी ते रुसते. इंजिन जोरात ओरडते, साखळी ज्यावर फिरते त्या बारमधून धूर येतो, पण लाकडात काही उतरत नाही. मालक आधी कार्बोरेटरवर संशय घेतो, मग प्लग काढून पुसतो. दोष बहुधा इंजिनात नसतोच. जमिनीवर पडलेला भुसा पाहिला तर उत्तर तिथेच मिळते. धारदार साखळी लाकडाचे जाडसर काप काढते, बोथट साखळी पिठासारखी पूड पाडते.

साखळीचा दात करवतीच्या दातासारखा नसतो. तो वरून वाकवलेला असतो आणि त्याची धार आडवी व उभी अशी दोन्हीकडे चालते. या रचनेचे श्रेय अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याकडे जाते. त्या काळच्या साखळ्या लाकूड ओरबाडायच्या आणि त्यांना सारखी कानस मारावी लागायची. १९४६ मध्ये कॉक्सला एका ओंडक्यात भुंग्याची अळी दिसली. ती आपल्या दोन जबड्यांनी लाकडाच्या शिरांसोबतही आणि शिरांच्या आडवेही सहज पुढे सरकत होती. त्या जबड्यांवरून त्याने दात घडवला आणि १९४७ मध्ये पोर्टलंडच्या आपल्या घराच्या तळघरातून साखळ्या विकायला सुरुवात केली. आज गावोगावी चालणाऱ्या साखळ्यांचा दात मुळात तोच आहे.

भर वेगात ही साखळी सेकंदाला साधारण २० मीटर धावते. एवढ्या वेगात मातीचा एक ओझरता स्पर्शही धार घालवायला पुरतो. वर्ध्यात हे संकट पावलोपावली आहे. बुंधा काळ्या मातीत टेकलेला असतो, सालीत धूळ बसलेली असते, बांधावरच्या बाभळीत जुन्या कुंपणाची तार किंवा खिळा रुतलेला असतो. सागाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या लाकडातच सिलिका असते, त्यामुळे स्वच्छ सागही हत्यार लवकर बोथट करतो. वाळलेले संत्र्याचे खोड ओल्यापेक्षा जास्त कठीण जाते. इथे धार लावणे हे कामाच्या मध्येच, टाकी भरायला थांबल्यावर उरकायचे काम आहे.

म्हणून साधनांची निवड महत्त्वाची ठरते, आणि ती मशीनच्या नावावरून नाही तर साखळीच्या मापावरून करायची असते. सलग तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याला दोनने भागले की पिच मिळतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ५२ किंवा ५८ सीसीच्या बहुतेक मशीनवर ०.३२५ इंच पिचची साखळी येते. तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. हलक्या मशीनवरच्या ३/८ इंच लो-प्रोफाइल साखळीला बहुधा ४ मिलिमीटरची, तर मोठ्या मशीनवरच्या पूर्ण ३/८ इंच साखळीला कंपनीनुसार ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची. माप अनेकदा साखळीवरच कोरलेले असते. ओरेगॉन कंपनीच्या कडीवर २१ हा आकडा दिसला तर ती ०.३२५ पिचची आणि ०.०५८ इंच जाडीची असते. कानस बारीक घेतली तर दाताला खाली खोबण पडते आणि धार नाजूक होते. जाड घेतली तर धारेखालचा कोन मारला जातो. दुकानात ‘चेनसॉची कानस द्या’ एवढे सांगून भागत नाही. साखळीच खिशात घालून न्यावी. कानस मात्र दुरून मागवायची गरज नाही. रेमंड समूहाच्या जेके फाइल्सचे कारखाने आपल्याच राज्यात, रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत.

कानशीनंतरचे साधन म्हणजे गाइड. कानशीवर बसणाऱ्या या पत्र्याच्या पट्टीवर ३० अंशांच्या रेघा असतात. रेघ बारला समांतर धरली की कोन चुकत नाही, आणि कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर राहतो. नवख्याने याशिवाय हात घालू नये. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची आणि परतताना उचलायची. दाताच्या पाठीवर क्रोमचा कठीण थर असतो. तो झिजून कोपरा चमकू लागला असेल तर चमक जाईपर्यंत दात मागे घ्यावा लागतो. सर्वांत आखूड दात आधी शोधावा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणावेत. एका बाजूचे दात लांब राहिले की मशीन कापताना वळते आणि चिरा तिरका जातो.

सर्वांत जास्त विसरले जाणारे साधन म्हणजे सपाट कानस. प्रत्येक दातापुढे एक बुटका खुंट असतो, त्याला रेकर म्हणतात. दात लाकडात किती खोल जाईल हे तोच ठरवतो. बहुतेक साखळ्यांत तो धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो. दात घासून घासून खाली येतात आणि रेकर तिथेच राहतो, मग कितीही धार लावली तरी साखळी नुसती घसरते. माप दाखवणारी छोटी पट्टी दातांवर ठेवून वर आलेला भाग सपाट कानशीने काढायचा. अंदाजाने जास्त काढला तर दात लाकडात रुततो आणि मशीन अंगावर उसळते. दाताला धार लावणे आणि रेकर घासणे ही दोन्ही कामे एकाच फटक्यात करणारे जोड-साधनही मिळते. त्याची किंमत जास्त असते, पण रोज मशीन चालवणाऱ्याला ते परवडते.

विजेवरचा ग्राइंडर वेगवान असतो, मात्र तो दुकानदाराच्या किंवा अनेक साखळ्या बाळगणाऱ्या ठेकेदाराच्या कामाचा. चाक जास्त वेळ टेकवले की दात निळा पडतो. त्या पोलादाचे पाणी गेलेले असते, आणि मग ना धार टिकते ना कानस लागते. खिळ्यावर आदळून दात तुटले असतील तेव्हाच त्याची खरी गरज.

देखभालीचा खर्च मोजूनच अवजार निवडावे, हा विचार वर्ध्याला नवा नाही. १९२९ मध्ये गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याची एक अट अशी होती की यंत्राची वार्षिक देखभाल किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. पुढे १९३४ मध्ये जे. सी. कुमारप्पांच्या नेतृत्वाखाली ग्रामोद्योग संघ वर्ध्यातल्या मगनवाडीत आला आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी तिथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले. चेनसॉ काही ग्रामोद्योग नव्हे, पण ती अट तिलाही लावून पाहण्यासारखी आहे.

अशा हिशेबात बारही येतो. त्याच्या खाचेतला भुसा काढावा, तेलाचे छिद्र मोकळे ठेवावे, कडांवर आलेली कूस सपाट कानशीने घासावी आणि बार अधूनमधून उलटा बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. साखळीचा ताण ती थंड असतानाच पाहावा. जळके इंजिन तेल घालण्याची सवय पंप आणि बार दोन्ही खराब करते. साधारण दोन साखळ्या झिजल्या की साखळी फिरवणारे दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेटही बदलावे.

नवे मशीन घेणाऱ्याने खरेदीचा क्रम असा ठेवावा: जाड हातमोजे, मापाच्या दोन गोल कानशी, गाइड, सपाट कानस व रेकरची पट्टी, आणि एक जास्तीची साखळी. ग्राइंडरचा विचार त्यानंतर. कानस मारण्याआधी इंजिन बंद करून प्लगची वायर काढायला मात्र विसरू नये.