समपातळीची रेषा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणी भेटला की 'घाटावरचा की घाटाखालचा' असे विचारण्याची रीत आहे. जिल्ह्याच्या मधून अजिंठ्याचे डोंगर गेलेले आहेत. त्यांच्या उत्तरेला पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला व पुढे अरबी समुद्राला मिळतो. दक्षिणेला पडलेला पाऊस खडकपूर्णा आणि पैनगंगा यांच्या वाटेने गोदावरीत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. ज्या मुलखात एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांना वाटले जाते, तेथल्या माणसांनी उंचसखलपणाची भाषा शिकून घेणे जरूर आहे. त्या भाषेचे मुख्य अक्षर म्हणजे समोच्च रेषा. मजुरांच्या बोलण्यात तिलाच 'कंटूर' म्हणतात.

ही रेषा जमिनीवर कोठे दिसत नाही. ती कल्पनेने पाहावी लागते. समजा, राजूर घाटाचा डोंगर एका अफाट टाकीत ठेवला आणि टाकीत पाणी सोडले. पाणी डोंगराला जेथे टेकेल, तो काठ म्हणजे एक रेषा. पाणी आणखी वीस मीटर चढवले की दुसरा काठ, आणखी वीस मीटर चढवले की तिसरा. हे सारे काठ कागदावर उतरवले की डोंगराचा नकाशा तयार झाला. ज्या रेषेवरून चालताना माणूस एक तसूही चढत नाही की उतरत नाही, ती ही रेषा. रेषा एकमेकींना खेटून असल्या तर तेथे उभा चढ समजावा. दूरदूर असल्या तर पठार. आणि पाणी नेहमी या रेषांना काटकोन करून धावते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळ झाले.

घाटातला रस्ता इतकी वळणे का घेतो, याचे उत्तरही येथेच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, आणि दोन रेषांमध्ये बहुधा वीस मीटरचा चढ असतो. भरलेल्या गाडीला वीसास एकपेक्षा जास्त चढ द्यायचा नाही असे ठरवले, तर वीस मीटर चढायला चारशे मीटर चालणे आले. चारशे मीटर म्हणजे नकाशावर आठ मिलिमीटर. इंजिनियर कंपास आठ मिलिमीटर उघडतो आणि एका रेषेवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असा टाकत जातो. त्या टाकांची जी नागमोडी ओळ उमटते, तोच पुढे रस्ता होतो. आता वळणे कोणी मौजेखातर घालत नाही हे पटावे.

समान संख्येची ठिकाणे रेषेने जोडावीत, ही युक्ती जुनी आहे. एडमंड हॅले याने १७०१ साली अटलांटिक महासागराचा नकाशा छापला. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून जेथे सारखीच ढळते, ती स्थळे त्याने रेषांनी जोडली होती. पुढे १७७४ साली नेव्हिल मॅस्कलिन या ज्योतिर्विदाने स्कॉटलंडातील शिहॅलियन नावाच्या डोंगराजवळ ओळंबा लावून पाहिला. डोंगर ओळंब्याला आपल्याकडे किती ओढतो, त्यावरून पृथ्वीचे वजन काढायचे होते. पण त्यासाठी आधी डोंगराचे घनफळ हवे. ते काम चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आले. त्याच्यापुढे कागदभर उंचीचे आकडे विखुरले होते. त्याने सारख्या उंचीचे आकडे रेषांनी जोडताच डोंगराचा आकार कागदावर उभा राहिला. हटन हा कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा होता. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण अशा गोष्टी इतिहासाच्या पुस्तकात तळटिपेतच सापडतात.

या मॅस्कलिनचे नाव फिरून आपल्याच जिल्ह्यात आले. लोणारच्या सरोवराची नोंद इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ साली केली. त्यानंतर दीडशे वर्षे वाद चालला की हा ज्वालामुखीचा खड्डा की आणखी काही. १९७३ साली निकाल लागला. तेथल्या खडकात मॅस्कलिनाइट सापडले. प्रचंड आघाताने स्फटिकाची जी काच होते, तिचे हे नाव, आणि ते दिले गेले आहे मॅस्कलिनच्याच नातवाच्या सन्मानार्थ. तेव्हा अशनी आदळूनच हे विवर झाले हे ठरले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून खोली सुमारे दीडशे मीटर. नकाशावर लोणार पाहिले तर एकात एक बसवलेल्या बांगड्यांसारख्या रेषा दिसतात. मात्र बांगड्या टेकडीच्याही अशाच दिसतात! म्हणून खड्ड्याच्या रेषांना आतल्या, म्हणजे उताराच्या बाजूस, बारीक दाते काढण्याचा संकेत आहे.

आता चित्रांकडे वळू. यंत्रातला फोटो म्हणजे वास्तविक आकड्यांचा तक्ता असतो. काळ्याकुट्ट ठिपक्याला शून्य, पांढऱ्याशुभ्राला २५५, बाकीचे मधले. या आकड्यांना उंची मानले की फोटो म्हणजे डोंगरदऱ्यांचा मुलूखच झाला. त्यात १०० या उंचीची रेषा काढायची असेल तर यंत्र चार-चार आकड्यांचे चौकोन घेत जाते. एका कोपऱ्यावर ९० आणि शेजारच्यावर ११० असतील, तर रेषा दोहोंच्या बरोबर मधून जाणार. ९० आणि १३० असतील, तर ९०पासून पाव अंतरावरून. मोजणीदार दोन खुंट्यांच्या उंचीवरून मधली जागा काढतो ती याच त्रैराशिकाने. हीच रीत लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही दिशांना लावण्याची पद्धत लोरेन्सन आणि क्लाइन या दोघांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. शरीराच्या आतल्या छायाचित्रांच्या थरांतून हाडाचा पृष्ठभाग डॉक्टरांना अखंड दिसतो तो त्यामुळे. जेथे वस्तूची कड असते तेथे उजेड एकदम बदलतो, म्हणजे या काल्पनिक मुलखात कडा असतो आणि रेषांची दाटी होते. ती दाटी हुडकली की वस्तूची बाह्यरेषा मिळते.

उपग्रहाच्या चित्रात सरोवराचा काठ शोधायचा तोही असाच. नजरेला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पाणी काळे दिसते आणि जमीन उजळ. पण कोणत्या आकड्याच्या खाली पाणी मानायचे? तो आकडा कोणीतरी माणूस ठरवतो. आकडा जरा वरखाली केला की काठ सरकतो. उथळ पाण्याच्या, चिखलाच्या ठिकाणी तर बराच सरकतो. यंत्राने रेषा काढली म्हणून ती आभाळातून पडली असे मानण्याचे कारण नाही.

गणितात या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. फ्रेंच गणितज्ञ कोशी याने १८२५ साली बंद वाटेवरून बेरीज घेण्याचा जो सिद्धान्त मांडला, तेथे कंटूर म्हणजे सारख्या उंचीची रेषा नव्हे, नुसती वाट. तो आमच्या शाळेबाहेरच्या शिक्षणाला पुरता झेपला असा दावा नाही. परंतु कडेवरून फिरून आतले सांगता येते हे त्याचे सार समजते, कारण त्याच जातीचे एक उपकरण आम्ही हाताळले आहे. आम्सलरने १८५४ साली केलेल्या प्लॅनिमीटरचे टोक नकाशावरच्या रेषेवरून एक फेरी फिरवले की आतले क्षेत्रफळ चाकावर वाचता येते.

धरणाचे पाणी मोजतात ते यावरूनच. एका रेषेच्या आत ३० हेक्टर आणि एक मीटर वरच्या रेषेच्या आत ४० हेक्टर भरले, तर मधल्या थरात सरासरीने ३५ हेक्टरांवर एक मीटर, म्हणजे साडेतीन लाख घनमीटर पाणी. असे थर बेरजेला लावले की धरणाची साठवण निघते. पण ज्या रेषेने पाणी मोजले जाते, तीच रेषा गावही मोजते. नांदुरा तालुक्यात पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पासारख्या कामात पूर्ण भरलेल्या पाण्याची पातळी गावांतून फिरते. सपाट काळ्या रानात उंचीचा एक मीटर म्हणजे रेषा शेकडो मीटर सरकते. त्यात कोणाचे घर आत, कोणाचे बाहेर. घर बाहेर राहून वाट पाण्यात गेलेल्या माणसाचे काय, हे नकाशा सांगत नाही. ते मागावे लागते. खेड्यातल्या माणसाने ही रेषा आपल्या दगडापाशी येऊन दाखवा असे म्हणावे. त्यात उद्धटपणा काही नाही.

शेवटी चराकडे येऊ, कारण आमचे आयुष्य खोदणाऱ्या माणसांत गेले. १९७२च्या दुष्काळात आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाल्यावर महाराष्ट्रात बांधबंदिस्तीची, नालाबांधाची अपार कामे झाली. मजुरी मिळते खोदलेल्या मातीच्या मापाने: लांबी, रुंदी, खोली. चर समपातळीत आहे की नाही, याचे माप मजुरीच्या कागदावर नसते. आता हिशेब पाहा. शंभर मीटर लांब आणि तीस सेंटीमीटर खोल असा चर आहे, आणि आखणी चुकून त्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा अर्धा मीटर खाली गेले. खालचे टोक काठोकाठ भरले तेव्हा पाणी साठ मीटरपर्यंतच पोचले. वरचे चाळीस मीटर कोरडे. त्यानंतरचा प्रत्येक थेंब त्या एका खालच्या टोकावरून फुटणार, ओघळ पाडणार आणि खालच्या शेताची माती घेऊन जाणार. खोदणाऱ्या बाईने घाम पुरा शंभर मीटरचा गाळला आहे! आणि चर फुटला की 'मजुरांनी काम बरोबर केले नाही' हे वाक्य ठरलेले.

म्हणून आम्ही टोळ्यांना नळी शिकवली. गवंडी जिला लेव्हल पाइप म्हणतो तीच: दहा-पंधरा मीटरची पारदर्शक नळी, दोन सारख्या काठ्या, काठ्यांवर सेंटीमीटरच्या खुणा. नळीत पाणी भरायचे, बुडबुडे झटकून काढायचे. आधी दोन्ही काठ्या एकाच दगडावर टेकवून पाणी सारख्या खुणेवर येते ना ते पाहायचे. मग एक काठी पहिल्या खुंटीपाशी धरायची आणि दुसरी घेऊन उतारावर खाली-वर सरकत राहायचे. दोन्ही काठ्यांवर पाणी पुन्हा त्याच खुणेवर थांबले की तेथे दुसरी खुंटी. मग पहिली काठी तेथे आणायची आणि तिसरी खुंटी शोधायची. अंतर फार लांबवू नये; जमीन मध्ये वळत असेल तर दर पाच मीटरला खुंटी हवी. खुंट्यांवरून फक्की टाकली की रेषा बहुधा वाकडीतिकडी दिसते. साहेब सरळ दोरी धरून आखायला सांगेल, तेव्हा त्याला नळी दाखवावी, आणि कुदळ त्यानंतर लावावी.