एका तारखेचा शोध : विद्यार्थ्यांची माहिती-साक्षरता

माहिती-साक्षरता म्हणजे आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे हे ठरवणे, ते कोठे सापडेल याचा अंदाज बांधणे, हाती आलेल्या मजकुराची विश्वसनीयता पारखणे आणि त्याचा उपयोग करताना मूळ साधनाचा प्रामाणिक निर्देश करणे. ही संज्ञा अमेरिकेत पॉल झुर्कोवस्की यांनी १९७४ मध्ये वापरली, तेव्हा माहिती मिळवणे हेच कष्टाचे काम होते. आज मोबाइलवर क्षणात शेकडो उत्तरे येतात आणि त्यामुळे खरा प्रश्न शोधण्याचा न राहता पारखण्याचा झाला आहे. शाळा-महाविद्यालयांतील प्रकल्प मात्र अजूनही बहुधा मजकूर जमवून सुबकपणे उतरवण्यापाशीच थांबतात.

पारख म्हणजे काय, हे समजावून देण्यासाठी शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या निश्चितीइतके चांगले उदाहरण मराठी विद्यार्थ्याला क्वचितच मिळेल. शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी दीर्घकाळ प्रचलित होती आणि तिचा मुख्य आधार उत्तरकालीन बखरी हा होता. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली, म्हणजे वर्षवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया आढळली. एका कागदावरून निर्णय करणे धाडसाचे ठरले असते. परंतु महाराजांच्या हयातीत परमानंदाने रचलेल्या आणि १९२७ मध्ये छापून आलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याने तीच तिथी दिली आणि दूर जोधपूरच्या संग्रहातील जन्मकुंडलीही तिच्याशी जुळली. एकमेकांवरून उतरवलेली नसलेली साधने जेव्हा एकच गोष्ट सांगतात, तेव्हा तिचे वजन वाढते. एकाच बखरीवरून लिहिलेली दहा पुस्तके मात्र दहा पुरावे ठरत नाहीत. संकेतस्थळांवर एकच चुकीचा मजकूर शंभर ठिकाणी दिसतो, तेव्हाही हाच नियम लागू पडतो.

याच उदाहरणात आणखी एक बारकावा दडलेला आहे. शकाचे इसवी सन काढताना ७८ मिळवण्याची रीत सर्वांना ठाऊक असते, पण फाल्गुन येतो तोवर इसवी सनाचे नवे वर्ष सुरू झालेले असल्यामुळे येथे ७९ मिळवावे लागतात आणि उत्तर १६२९ न येता १९ फेब्रुवारी १६३० येते. ही तारीखही त्या काळी इंग्लंडमध्ये चालू असलेल्या ज्यूलियन पंचांगाची आहे. ज्या विद्यार्थ्याने हा हिशेब स्वतः करून पाहिला, त्याला साधन वाचणे आणि साधन समजणे यांतील अंतर कायमचे कळते.

आंतरजालावरील मजकुरासाठी पारखीची पद्धत थोडी वेगळी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-पडताळक यांना काही संकेतस्थळे तपासण्यास दिली, तेव्हा विद्वान आणि विद्यार्थी यांच्यापैकी अनेक जण पानाच्या देखणेपणाला आणि अधिकृत वाटणाऱ्या बोधचिन्हाला फसले. पडताळक मात्र ते पान वाचत न बसता लगेच बाहेर पडले आणि त्या संस्थेविषयी इतर लोक काय सांगतात हे त्यांनी पाहिले. या रीतीला आडवे वाचन म्हणता येईल आणि ती आठवीच्या वर्गातही शिकवता येण्याजोगी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे आत्मविश्वासाने देतात, म्हणून त्यांनी सांगितलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत किंवा प्रत्यक्ष पुस्तकात शोधून पाहणे आता अनिवार्य झाले आहे. मराठीत प्रारंभासाठी वाईहून सिद्ध झालेला आणि आता आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध असलेला मराठी विश्वकोश उत्तम आहे, मात्र तेथे थांबू नये. नोंदीच्या शेवटी दिलेले ग्रंथ हीच पुढची वाट असते.

हे सारे स्वतंत्र तासिकेत, व्याख्यानाने शिकवून साधणार नाही, कारण पारख हा सवयीचा भाग आहे. म्हणून शिक्षकांनी प्रकल्पाला ‘पाणी’ किंवा ‘शेती’ असा अवाढव्य विषय न देता ‘आपल्या गावची विहीर कोणत्या वर्षी बांधली गेली’ यासारखा एकच लहान प्रश्न द्यावा, किमान दोन स्वतंत्र साधने मागावीत, साधनांमध्ये विसंगती आढळल्यास ती लपवण्याऐवजी नोंदवण्यास सांगावे आणि निम्मे गुण त्या नोंदीसाठी राखून ठेवावेत.