दृष्टिहीन विद्यार्थी आणि विज्ञानाचा तास

मुंबईत अंधांच्या शिक्षणास शतकाहून अधिक काळ लोटला आहे. कु. ॲना मिलार्ड यांनी १९०० साली सुरू केलेली शाळा आज श्रीमती कमला मेहता दादर अंधशाळा या नावाने मुलींसाठी चालते. अशा शाळांतून सहा उठावदार टिंबांची ब्रेल लिपी व अंकगणितासाठी टेलर चौकट शिकविली जाते. या चौकटीच्या अष्टकोनी छिद्रांत धातूचा खिळा निरनिराळ्या दिशांनी बसवून अंक मांडतात व बोटांनी वाचतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमान्वये असे बालक ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेतही विनामूल्य शिकू शकते; म्हणजे ते आपल्याही वर्गात येईल. विज्ञानाच्या तासाला त्यास ‘तू नुसते ऐक’ म्हणून बाजूस बसविणे सोपे असते. परंतु प्रयोगावाचून पाठ केलेला विषय पुढे सुटतो आणि दोष मात्र त्याच्या डोळ्यांना दिला जातो.

आम्ल व आम्लारी यांचा पाठ घ्यावा. लिटमसचा रंग त्यास दिसणार नाही; पण कांदा आहे. बारीक चिरलेल्या कांद्यात स्वच्छ कापडाच्या पट्ट्या रात्रभर बांधून ठेवाव्यात. सकाळी एका पट्टीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे व दुसरीवर सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाचे काही थेंब शिक्षकाने स्वतः टाकावेत. दोन्ही पट्ट्या पाण्याने नीट धुऊन मगच मुलांना हुंगावयास द्याव्यात. आम्लाच्या पट्टीस कांद्याचा वास राहतो, दुसरीचा जातो. येथे डोळस मुलांनाही नाकावरच विसंबावे लागते, हे विशेष.

विद्युतमंडलात दिव्याऐवजी घंटी जोडावी. फुलाचे भाग शिकविण्यास जास्वंद उत्तम: पाकळ्या मोठ्या, पुंकेसरांची नळी लांब आणि टोकाची पाच कुक्षीवृंते बोटांनी मोजता येतात. मात्र फूल प्रत्येकाला वेगळे द्यावे. दहा हातांतून फिरलेल्या फुलात शिकण्याजोगे काही उरत नाही.

आकृतीसाठी शिंप्याजवळचे खुणा करण्याचे दातेरी चाक मागून आणावे. रबरी तुकड्यावर जाड कागद ठेवून चाक दाबून फिरविले, की मागील बाजूस टिंबांची रेघ उमटते. आकृती उलट उमटते, म्हणून ती आरशातल्यासारखी काढावी. नावे लिहिण्याची घाई करू नये. आधी बोट रेघेवरून सबंध फिरू द्यावे.