धर्मानंदांचें 'निवेदन' आणि घरचीं माणसें

विलेपार्लें हें नांव घेतलें कीं आमच्या उपनगरांतील जुन्या मंडळींना प्रथम आठवतें तें १९२१ सालीं स्थापन झालेलें पार्ले टिळक विद्यालय, आणि त्याच्या पाठोपाठ १९२३ सालीं निघालेला लोकमान्य सेवा संघ. या दोन संस्थांच्या आठवणी आजहि घरोघर निघतात. १९३० सालच्या सत्याग्रह-छावणीची आठवण मात्र दिवसेंदिवस पुसट होत चालली आहे. मिठाचा कायदा मोडण्यासाठीं महात्मा गांधी दांडीस गेले त्या वर्षीं पार्ल्यास ही छावणी पडली. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रुवाला यांच्यासारखे कार्यकर्ते तिचे आधारस्तंभ होते. एक तुरुंगांत गेला कीं दुसऱ्यानें त्याची जागा घ्यावी, असा तेथील क्रम. अशी जागा घेणारांमध्यें एक गृहस्थ मोठे विलक्षण होते. त्यांच्या वयाला ५३ वर्षें झालेलीं, रशियांतील लेनिनग्राडहून ते नुकतेच परतलेले, आणि त्यांचा जन्माचा व्यासंग पाहावा तर पाली ग्रंथांचा! आधीं कोंकणांत शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहांत भाग घेऊन ते पार्ल्यास आले, छावणीचें प्रमुखपण त्यांनीं पत्करलें आणि यथाकाल तेहि कैदेंत गेले. ते धर्मानंद दामोदर कोसंबी होत.

पोथ्यांत रमलेला हा पंडित छावणींत कसा येऊन पोंचला, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें त्यांचें 'निवेदन' वाचावें. हें आत्मवृत्त १९२४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. आत्मचरित्र म्हटलें कीं आपल्या मनांत एक साशंकता उभी राहते: आतां हा गृहस्थ आपल्या कर्तबगारीचे पोवाडे गाणार! 'निवेदना'चा प्रकार अगदीं निराळा आहे. त्यांत पराक्रम थोडा आणि ऋणें फार. कोणीं आसरा दिला, कोणीं शिकविलें, कोणीं पुढची वाट दाखविली, याची नोंद लेखकानें एखाद्या प्रामाणिक कारकुनानें जमाखर्च लिहावा तशी केली आहे; आणि ही नोंदच त्या पुस्तकाचा आत्मा आहे, असें मला वाटतें.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं गोव्यांतील सांखवाळ या गांवीं एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबांत झाला. शाळेचें शिक्षण जेमतेम. घरच्या नारळीच्या बागेची देखरेख हाच उद्योग. वाचनाची भूक मात्र दांडगी. मिशनरी मंडळींच्या 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकांत बुद्धाचें चरित्र त्यांच्या वाचनांत आलें, आणि ज्या विषयानें पुढें त्यांचा सारा जन्म व्यापला त्याचें बीज तेथें पडलें. मुलांसाठीं काढलेलें साधें मासिक कोणाच्या हातीं पडून काय करील, याचा नेम नाहीं! १८९१ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्यांचें बाळाबाईंशीं लग्न झालें होतें. १८९९ सालीं माणिक नांवाची कन्या झाली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, पत्नीला व तान्ह्या मुलीला मागें ठेवून, संस्कृत शिकून पुढें बुद्धाचा धर्म जाणून घेण्याच्या ओढीनें तेवीस वर्षांचा हा तरुण घराबाहेर पडला.

येथून पुढची हकीकत म्हणजे परक्यांच्या दयेची एक अखंड मालिकाच आहे. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं त्यांना आश्रय दिला व प्रार्थनासमाजाच्या जागेंत राहण्याची सोय झाली. ग्वाल्हेरवरून ते काशीस गेले. तेथें विद्या मिळे, पण पोटाची विवंचना. अन्नछत्रांत जेवूं म्हटलें तर सारस्वतांच्या ब्राह्मण्याविषयींचा जुना वाद तेथेंहि आडवा आला. भुकेल्या विद्यार्थ्याच्या पानावर भात वाढण्यापूर्वीं त्याची शाखा-पोटशाखा तपासणारें आपलें पांडित्य! वाद शेवटीं कसाबसा मिटला व त्यांच्या अध्ययनाची सोय झाली, म्हणून बरें. काशींतून १९०२ सालीं ते नेपाळांत गेले. बुद्धाच्या जन्मभूमीजवळ त्याचा धर्म जिवंत असेल अशी आशा होती. ती फोल ठरली. मग बुद्धगया, तेथून कलकत्ता, आणि महाबोधि सभेच्या साहाय्यानें सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणांत महास्थविर सुमंगलाचार्यांच्या चरणांशीं बसून त्यांनीं पाली भाषेचा अभ्यास केला आणि त्याच वर्षीं श्रामणेर-दीक्षा घेतली. पुढें ते ब्रह्मदेशांतहि राहिले.

या यादीकडे नीट पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. पुण्याचा विद्वान प्रार्थनासमाजी, काशीचे लोक कट्टर सनातनी, सिंहलद्वीपाचे बौद्ध भिक्षु. एकाचा धर्म दुसऱ्याला पटणारा नव्हता. तथापि गोव्याच्या या अनोळखी पोरास प्रत्येकानें आपल्या परीनें पुढें ढकललें. 'तूं आमचा हो, मग आम्ही देऊं' असा आग्रह कोठें झालाच नाहीं असें नाहीं, पण तो आग्रह न मानल्यानेंहि त्यांचा मार्ग अडला नाहीं. श्रद्धा आणि दया यांचा संबंध आपण समजतों तितका सरळ नसावा.

आमच्या अंधेरीच्या घरीं हें पुस्तक एका पावसाळ्यांत मोठ्यानें वाचलें गेलें. दुपारचीं कामें आटोपलीं कीं घरांतील बायका माजघरांत जमत. मीं वाचावें व आजीनें वाल सोलीत ऐकावें, असा परिपाठ होता. काशीचा भाग चालला असतां ती मध्येंच म्हणाली, "छत्रांत जेवला तें लिहिलें, बरें केलें. अन्नाला जागला. पण बाबा, इकडे त्याच्या पोरीच्या दुधाची वाटी कोण भरीत होतें, तें येतें का रे पुढें?" मीं म्हणालों, "येईल." ती म्हणाली, "नाहीं यायचें. तूं पाहा."

मीं पुढचीं पानें चाळून पाहिलीं. बाळाबाईंचा उल्लेख पुस्तकांत नाहीं असें नाहीं. घर सोडण्यापूर्वींची मनाची तगमगहि धर्मानंदांनीं झांकलेली नाहीं. परंतु नवरा परागंदा, पदरीं तान्हें मूल, तो परत येईल कीं नाहीं याची शाश्वती नाहीं, अशा स्थितींत त्या माउलीनें सुमारें सात वर्षें कशीं काढलीं याचें वर्णन त्यांत कोठून सांपडणार? लिहिणारा त्या वेळीं तेथें नव्हता. ज्यानें पाहिलें नाहीं त्यानें कल्पनेनें रंगविलें नाहीं, हा त्याचा प्रामाणिकपणाच म्हणावयाचा. मात्र आजीचा प्रश्न त्यानें मिटत नाहीं.

आपल्या वाङ्मयांत इतर घरच्या स्त्रियांनीं आपली बाजू स्वतः सांगितली आहे. न्यायमूर्ति रानड्यांच्या संसाराची हकीकत रमाबाईंनीं १९१० सालीं लिहिली. त्यांतील एका घरांत नांदणाऱ्या जुन्या व नव्या मतांचा ताण कोण विसरेल? रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं मुंबईंत ख्रिस्ती झाले, तेव्हां लक्ष्मीबाईंवर कोसळलेला प्रसंग बाळाबाईंच्या प्रसंगाहून फारसा वेगळा नव्हता. नवऱ्याचा धर्म पालटला, संसार मोडला, आप्तांच्या दारीं राहण्याची पाळी आली. कांहीं वर्षांनीं त्या पुन्हा पतीकडे गेल्या आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. हें सारें 'स्मृतिचित्रां'मध्यें त्यांनीं अशा खेळकरपणानें सांगितलें आहे कीं हसतां हसतां वाचकाचे डोळे भरून येतात. टिळकांविषयींचें आपलें मत आपण आतां लक्ष्मीबाईंना विचारल्याशिवाय बनवीत नाहीं. बाळाबाईंना विचारण्याची सोय मात्र नाहीं. त्यांचें 'निवेदन' आपल्यापुढें आलेलेंच नाहीं.

म्हणून धर्मानंदांस दोषी ठरवून मोकळें व्हावें, असें माझें म्हणणें नाहीं. तसेंच, सिद्धार्थानें यशोधरेला सोडलें, मग यांनींहि सोडलें तर काय बिघडलें, असें म्हणणाऱ्या भाविकांच्या पंक्तींतहि मला बसवत नाहीं. राजवाड्यांतून निघालेल्या पुरुषाच्या मागें कोठारें भरलेलीं असतात. नारळीच्या बागेवर चालणाऱ्या घरांतून कर्ता मुलगा निघून गेला कीं त्याच्या वांटणीचा भार कोणाच्या तरी डोक्यावर जातो. एकत्र कुटुंबाचा मोठेपणा हाच कीं असा भार तेथें उचलला जातो, आणि दोष हा कीं कोणीं उचलला त्याची नोंद राहत नाहीं. भांडारकरांनीं दिलेला आसरा इतिहासांत गेला. सांखवाळच्या स्वयंपाकघरानें माणिकला वाढविलें, तें 'घरचेंच' म्हणून राहिलें.

धर्मानंदांच्या बाजूनें इतकें निश्चित सांगतां येईल कीं ते परत आले. १९०६ सालीं कलकत्त्यास नव्या राष्ट्रीय कॉलेजांत पाली शिकविण्याचें काम त्यांनीं पत्करलें, भिक्षूचीं चीवरें उतरविलीं आणि गोव्यास जाऊन घरच्या माणसांना भेटले. बाळाबाई व माणिक कलकत्त्यास गेल्या. संसार पुन्हा लागला. १९०७ च्या जुलैंत पुत्र झाला, त्याला आजोबांचें दामोदर हें नांव ठेवलें. गणिती व इतिहाससंशोधक म्हणून जगानें ज्यांना ओळखलें ते हेच दामोदर कोसंबी. पुढें मनोरमा व कमला या दोन मुली झाल्या.

याच सुमारास बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं त्यांच्यापुढें एक योजना ठेवली. महाराष्ट्रांत राहून काम करावें, वर्षास एक ग्रंथ तयार करावा, आणि त्यासाठीं दरमहा ५० रुपये घ्यावे, अशी ती होती. कलकत्त्याची बरी नोकरी सोडून त्यांनीं हे ५० रुपये स्वीकारले, कारण जें परदेशांत शिकलें तें आपल्या लोकांना आपल्या भाषेंत सांगावें ही त्यांची तळमळ होती. 'बुद्ध, धर्म आणि संघ' हीं बडोद्याचीं व्याख्यानें १९१० सालचीं; आणि पुष्कळ वर्षांनीं 'भगवान बुद्ध' हा थोर ग्रंथ त्याच तळमळींतून झाला. या पगाराच्या कपातीबद्दल घरांत काय बोलणें झालें असेल, तें ज्यांच्या घरीं देशसेवक निपजले आहेत त्यांना मीं सांगावयास नको.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांनीं त्यांना १९१० सालीं तिकडे बोलावलें. हेन्री क्लार्क वॉरन या पंडिताच्या मृत्यूनें अर्धवट राहिलेलें 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचें संपादन पुरें करावयाचें होतें. मधल्या काळांत, १९१२ पासून १९१८ पर्यंत, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं पाली शिकविली, पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे विद्यार्थी तेथेंच तयार झाले. १९१८ सालीं ते पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हां माणिक व दामोदर यांना बरोबर घेऊन गेले. तान्ही असतां जिला टाकून बाप निघाला होता ती मुलगी आतां बापाबरोबर सातासमुद्रांपलीकडे जाऊन रॅडक्लिफ कॉलेजांत शिकली! आजीला हें वाचून दाखविलें तेव्हां ती थोडी निवळली, पण लगेच म्हणाली, "आणि आई?" आई धाकट्या मुलींसह मागें राहिली होती.

'निवेदन' समोर ठेवून पार्ल्याकडे पाहिलें म्हणजे १९३० चे धर्मानंद मला नीट समजतात. ज्यानें तरुणपण छत्रांच्या व मठांच्या अन्नावर काढलें, त्याला प्रौढपणीं नुसत्या अध्यासनावर बसवेना. अमेरिकेंत व रशियांत त्यांनीं समाजवादाचा विचार जवळून पाहिला होता, आणि गांधींच्या सत्याग्रहांत त्यांना बुद्धाच्या अहिंसेचें चालतें रूप दिसत होतें. तुरुंगांतून आल्यावर कांहीं वर्षांनीं, १९३७ सालीं, मुंबईच्या परळ भागांत गिरणी कामगार व अस्पृश्य मानलेले लोक यांच्या वस्तींत त्यांनीं 'बहुजनविहार' स्थापन केला. इमारतीस पैसा जुगलकिशोर बिर्ला यांनीं दिला. येथेंहि पुन्हा दाता एक आणि राबणारा दुसरा. फरक एवढाच कीं पूर्वीं घेण्यासाठीं पसरलेला हात आतां वाढपाचा झाला होता.

शेवट मात्र मनाला चटका लावणारा आहे. शरीर व्याधींनीं जर्जर झालें, हातून सेवा होईना. तेव्हां इतरांवर भार होऊन जगण्यापेक्षां अन्नत्याग करून देह ठेवावा, असें त्यांच्या मनानें घेतलें. जैनांच्या सल्लेखनेविषयीं त्यांना आदर होता. एकदां उत्तर हिंदुस्थानांत आरंभिलेला उपवास गांधींच्या सांगण्यावरून त्यांनीं सोडला. पण सेवाग्रामास तो पुन्हा सुरू झाला आणि जून १९४७ मध्यें तेथें त्यांची प्राणज्योत मालवली. जन्मभर ज्यानें परक्यांची दया निःसंकोचपणें घेतली आणि तितक्याच निःसंकोचपणें लिहून ठेवली, त्याला अखेरच्या आजारांतली सेवा घेणें जड वाटावें, याचा उलगडा मला अजून झालेला नाहीं. आमच्या घरांत तर दुखणेकऱ्याचें करणें हा उपकार समजतच नाहींत. गांधींनीं प्रार्थनासभेंत त्यांचा गौरवानें उल्लेख केला, आणि त्यांच्या स्मरणार्थ विद्यार्थ्यांना पाली शिकण्यासाठीं सिंहलद्वीपास पाठवावें असा विचार पुढें मांडला. वॉरनचें अपुरें राहिलेलें 'विसुद्धिमग्गा'चें काम हार्वर्डच्या ग्रंथमालेंत १९५० सालीं छापून निघालें. त्यावर वॉरनबरोबर धर्मानंदांचेंहि नांव आहे.