कोथरूड ते मेलबर्न : घर बांधायचा एक दिवस

सकाळी साडेसातला टेम्पो गल्लीत लागतो. पोरं पुठ्ठ्याची खोकी, बबल रॅप, टेपची बंडलं वर नेतात. मी आधी मॅडमना विचारतो, "पासपोर्ट, व्हिसाचे कागद, डिग्र्या, दागिने कुठे आहेत?" ते सगळं एका खोलीत ठेवून कुलूप लावून घेतो. बांधायला बसलेला माणूस समोर दिसेल ते बांधतो, आणि एकदा खोक्यात गेलेला पासपोर्ट शोधायला अख्खं घर पुन्हा उघडावं लागतं.

आठ वाजता सर्व्हेची यादी घेऊन घरभर फेरी. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण तेहेतीस घनमीटर जागा असते, पण सामान वेड्यावाकड्या आकाराचं, त्यामुळे सगळी जागा कधीच वापरता येत नाही. सर्व्हेनंतर घेतलेला नवा सोफा इथेच आडवा येतो. शिवाय वर्षभर स्वतः वापरलेलं सामान ऑस्ट्रेलियात करमुक्त जातं, जाण्याआधी हौसेनं घेतलेल्या नव्या वस्तूंवर कर लागू शकतो. मी हे सर्व्हेलाच सांगतो. तरी लोक घेतात.

नऊ ते बारा स्वयंपाकघर. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि जावा. ताटल्या आडव्या रचायच्या नाहीत, कागदात गुंडाळून उभ्या लावायच्या, म्हणजे धक्का सोसतात. मिक्सर जाऊ द्या, तिथेही २३० व्होल्टच आहे, फक्त पिन बदलावी लागेल. अमेरिकेला निघाले असते तर तोच मिक्सर इथे ठेवायला सांगितला असता, तिथे १२० व्होल्ट. डाळी, बिया, लोणची, गोडा मसाला मात्र खोक्यात नाही. तिथली जैवसुरक्षा तपासणी कडक आहे आणि ती असावी. एखादी कीड शिरली तर त्यांची शेती धोक्यात येते. म्हणून मिसळणाचा डबा घासून कोरडा करून घेतो, पोळपाटाला किडीची भोकं नाहीत ना ते उजेडात धरून बघतो.

आजी समई पुढे करतात. त्यांच्या सासूबाईंची, त्यांच्याही आधीची. १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा लागतो, आणि तो आज मिळणार नाही. "मग राहू दे माझ्याजवळ," आजी म्हणतात. त्या इथेच राहणार आहेत. आम्ही समई पुसून देवघरात परत ठेवतो.

दुपारी जेवण उरकून बूट आणि सायकली. तळव्यातली माती ब्रशनं काढायची, टायर धुवायचे. ओली वस्तू बांधायची नाही, बुरशी धरते. पुस्तकं छोट्या खोक्यांत, मोठं खोकं भरलं तर तळ सुटतो. काचेच्या टेबलाला लाकडी पेटी लागते. त्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग अर्धा तास तापवल्याची, म्हणजे त्यातली कीड मारल्याची ती खूण.

साडेचारला यादी पुरी करतो. माझ्या मते दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. प्रत्येक खोक्याचा नंबर आणि आत काय, ते नेमकं. "किरकोळ सामान" हे शब्द मी लिहू देत नाही. त्या दोन शब्दांपायी कस्टमचा अधिकारी खोकं उघडतो, आणि काही फुटलं तर विम्याचे पैसे मागायला हातात काही राहत नाही.

सहाला टेम्पो गोदामाकडे निघतो, कारण कंटेनर या गल्लीत वळत नाही. तिथे जड सामान खाली, हलकं वर, फटी भरून ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या. समुद्रावर रात्री गारवा आला की पत्र्याला आतून घाम फुटतो. दार लागलं की सीलचा नंबर यादीवर उतरवून त्याचा फोटो साहेबांना पाठवतो. पुढे न्हावा शेवा, आणि बरेचदा कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलून कित्येक आठवड्यांनी मेलबर्न.

तुम्ही जाणार असाल, तर काय न्यायचं आणि काय कुणाला द्यायचं हे आम्ही यायच्या महिनाभर आधी घरच्यांसोबत बसून ठरवा. जुन्या वस्तूंचे दाखले तेव्हाच काढा, आणि यादीवर सही करण्याआधी तिची ओळन् ओळ वाचा.